मुखशूलावर विषाचा उपयोग

घरांतील एखादें वडील माणूस जेवतां जेवतां घांस तोंडांत तसाच धरून ताठ बसून राहतें, बोलतांना मध्येंच थांबतें, हात गालाजवळ नेतें परंतु गालाला लावीत नाहीं, आणि मिनिट-दोन मिनिटांनीं जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा रीतीनें पुनः बोलूं लागतें. पुढें पुढें थंड पाण्यानें तोंड धुण्याची टाळाटाळ सुरू होते, पुरुष असल्यास एका बाजूची दाढी तशीच राहूं लागते, पंख्याखालीं बसणें नकोसें होतें. पाहणाऱ्यास हा हट्ट वाटतो, रुसवा वाटतो, किंवा 'वय झालें' एवढ्या दोन शब्दांत त्याची वासलात लावली जाते. वस्तुतः त्या मिनिटभरांत अशा माणसाच्या अर्ध्या चेहऱ्यांतून जी कळ गेलेली असते, तिच्या तोडीच्या वेदना वैद्यकशास्त्रास फार थोड्या ठाऊक आहेत. ह्या विकाराची ओळख सुशिक्षित कुटुंबांतूनही बेताचीच आहे, आणि त्यावर अलीकडे पुढें आलेल्या एका उपायाविषयीं तर जितके गैरसमज आहेत तितकी माहिती नाहीं. तो उपाय म्हणजे एक विष आहे; आणि विष म्हणतांना मी अलंकारिक भाषा वापरीत नाहीं. आजवर ज्ञात झालेल्या विषांत त्याच्याइतकें तीव्र विष दुसरें नाहीं.

प्रथम विकाराविषयीं. डॉक्टर त्याला 'ट्रायजेमिनल न्यूराल्जिया' म्हणतात. 'ट्रायजेमिनस' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'तिळें', म्हणजे एका वेळीं जन्मलेलीं तीन भावंडें. मेंदूशीं जोडलेल्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकीं पांचवी जोडी चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेते, व प्रत्येक बाजूचा तंतु कवटीच्या आंतच तीन शाखांत विभागतो. पहिलीकडे कपाळ व डोळा, दुसरीकडे गाल, वरचा ओठ व वरचे दांत, तिसरीकडे खालचा जबडा व खालचे दांत, अशी या तिळ्या बहिणींची वांटणी आहे. ('न्यूरॉन' हा ग्रीक शब्द व आपल्या वेदवाङ्मयांतील 'स्नावन्' हा शब्द एकाच मुळाचे आहेत, परंतु व्युत्पत्तीचा मोह येथें आवरलेला बरा.)

हा शूल बहुधा दुसऱ्या व तिसऱ्या शाखेंत उठतो, बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूस असतो, आणि डावीपेक्षां उजवी बाजू त्याला अधिक प्रिय दिसते. तो पन्नाशीनंतर अधिक आढळतो, व पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक. दरवर्षीं लाख लोकांमागें ४ ते १३ जणांस तो नव्यानें जडतो, असें निरनिराळ्या देशांत केलेल्या पाहण्यांवरून दिसतें. पन्नाशीच्या आंत तो होतच नाहीं, असें मात्र नव्हे. मुंबईचे विख्यात बोलपट-नट सलमान खान ह्यांनीं आपणांस हा विकार होता व त्यासाठीं २०११ सालीं अमेरिकेंत उपचार करून घेतले, हें स्वतःच जाहीरपणें सांगितलें आहे.

पुष्कळशा रोग्यांत ह्याचें मूळ मेंदूच्या तळाशीं सांपडतें. हा तंतु जेथें मेंदूस मिळतो तेथें एखादी धमनी त्याला खेटून बसलेली असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी ती तंतूवर आपटते, आणि वर्षानुवर्षें असें झाल्यावर तंतूवरील आवरण झिजतें. विजेच्या तारेवरील वेष्टण झिजलें म्हणजे एका तारेंतील प्रवाह दुसरींत उतरतो, तसाच कांहींसा प्रकार येथें होतो. गालावरून वाऱ्याची झुळूक गेली तरी तिची वर्दी मेंदूस स्पर्श म्हणून न पोंचतां कळ म्हणून पोंचते. बाल्टिमोरचे शस्त्रवैद्य वॉल्टर डँडी ह्यांनीं १९३४ सालीं ह्या धमनीकडे लक्ष वेधलें, व पुढें पीटर जॅनेटा ह्यांनीं १९६७ पासून ती दूर सारण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. थोड्या रोग्यांत मात्र धमनीऐवजीं एखादी गांठ किंवा मज्जातंतूंचा दुसरा व्यापक रोग कारण असतो, म्हणून निदान झाल्यावर मेंदूचें एम्. आर्. आय्. चित्र काढण्याचा आग्रह डॉक्टर धरतात. तो खर्च अनाठायीं समजूं नये.

ह्या दुखण्यांत दांतांवर जो अन्याय होतो तो फार जुना आहे. तत्त्ववेत्ते म्हणून आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस ठाऊक असलेले जॉन लॉक हे वैद्यही होते. १६७७ च्या डिसेंबरांत ते पॅरिस येथें असतां तेथील इंग्रज वकिलाच्या पत्नीस, नॉर्थम्बरलंडच्या सरदारीणबाईंस, पाहण्यास त्यांना बोलावणें आलें. बाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूस विजेसारख्या कळा येत होत्या, आणि लॉकसाहेब पोंचण्यापूर्वींच त्या बाजूचे दांत उपटून झाले होते. कळा अर्थातच थांबल्या नव्हत्या. पुढें १७५६ त निकोला आंद्रे ह्या फ्रेंच शस्त्रवैद्यानें व १७७३ त लंडनच्या जॉन फॉदरगिल ह्यांनीं ह्या रोगाचें स्वतंत्र वर्णन केलें, तरी दांत उपटणें थांबलेलें नाहीं.

आपल्याकडील वैद्य ह्या विकाराचें नातें सुश्रुतसंहितेंतील 'अनंतवाता'शीं जोडतात. उत्तरतंत्रांत अकरा शिरोरोग सांगितले आहेत त्यांत हा येतो. मानेच्या मागच्या बाजूनें उठून डोळा, भिवई व शंखप्रदेश येथें ठाण मांडणारी तीव्र वेदना, गालाच्या बाजूस कंप, जबडा धरणें अशीं त्याचीं लक्षणें आहेत. उपायांत शिरावेधाबरोबर संयाव, घृतपूर इत्यादि तुपांतलीं गोड पक्वान्नें खाण्यास सांगितलीं आहेत. माझ्या अल्प मतीस हें साम्य पुरतें पटत नाहीं, कारण मुखशूल मानेपासून उठत नाहीं, आणि तो ठाण मांडून बसत नाहीं, विजेसारखा येतो व जातो. तथापि वेदनेच्या धाकानें चावणें सोडलेल्या रोग्यास मऊ व बळ देणारें अन्न सुचविणारा आचार्य रोग्याकडे डोळे उघडे ठेवून पाहत होता, एवढें खास.

माझ्या एका मावशींस हा विकार १९८४ सालीं जडला. मी त्या वेळीं परगांवीं नोकरीस होतों. दिवाळीच्या सुट्टींत भेटावयास गेलों तेव्हां त्यांच्या उजव्या बाजूच्या तीन दाढा एका दंतवैद्यानें काढून टाकल्या होत्या व चौथी काढण्याचा बेत चालला होता. "अरे, दाढ नव्हे रे, वीज पडते वीज," त्या मला म्हणाल्या, "आणि हीं सगळीं म्हणतात, म्हातारी जेवणावर रुसली." शहरांतील एका मज्जारोगतज्ज्ञानें त्यांचें म्हणणें पांच मिनिटें ऐकून घेतलें आणि कार्बामॅझेपिनच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशीं मावशींनीं पोळी चावून खाल्ली. परंतु वर्षभरांत गोळ्या वाढवाव्या लागल्या, तसें त्यांचें डोकें गरगरूं लागलें, रक्तांतील सोडियम उतरलें, आणि एके पहाटे त्या देवघराच्या उंबऱ्याशीं पडल्या. खुब्याचें हाड मोडलें. पुढचीं नऊ वर्षें, म्हणजे अखेरपर्यंत, त्यांनीं अर्ध्या गोळीवर अर्धें दुखणें सोसून काढलीं.

कार्बामॅझेपिनची निंदा करण्याचा येथें हेतु नाहीं. अपस्मारावरील हें औषध मुखशूलास लागू पडतें असें ब्लॉम नांवाच्या वैद्यानें १९६२ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून आजतागायत त्याचा व त्याच्याच भावंडाचा, ऑक्सकार्बाझेपिनचा, मान पहिला आहे. विशेष हा कीं साध्या वेदनाशामक गोळ्या ह्या शूलापुढें निष्प्रभ ठरतात, आणि ही गोळी लागू पडणें हेंच पुष्कळदां निदानाचें प्रमाण ठरतें. घेणाऱ्यानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या: अंगावर पुरळ किंवा तोंडांत फोड उठल्यास त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा, कारण आशियांतील कांहीं लोकांत ह्या औषधाचा भयंकर त्वचाविकार होण्याची आनुवंशिक प्रवृत्ति असते, आणि रक्तांतील सोडियम मधून मधून तपासून घ्यावें. गोळीनें भागलें नाहीं तर शस्त्रक्रिया. कानामागें कवटीस लहान खिडकी पाडून तंतु व धमनी ह्यांच्यामध्यें टेफ्लॉनचा बोळा ठेवतात, आणि पुष्कळ रोगी त्यानें वर्षानुवर्षें मुक्त राहतात. पण शहात्तर वर्षांचें, मधुमेह असलेलें, हृदयाचें दुखणें असलेलें माणूस? त्याला गोळी सोसत नाहीं, आणि शस्त्रक्रियेस भूल देणारे कचरतात. माझ्या मावशींची गणना ह्याच वर्गांत झाली असती. विषाचा विचार मुख्यतः ह्या वर्गासाठीं करावयाचा आहे.

विषाचा वापर औषधासारखा करण्याची कल्पना आपणांस परकी नाहीं. तीक्ष्ण विषही युक्तीनें योजिल्यास उत्तम औषध होतें, व औषधही अयोग्य रीतीनें दिल्यास विष होतें, हा विचार चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायांत आहे. परंतु ज्या विषाविषयीं आपण बोलत आहों त्याचा शोध स्वयंपाकघरांत लागला, तोही जर्मनींत. सॉसेज म्हणजे जनावराच्या आंतड्याच्या नळींत मांस, रक्त व चरबी भरून केलेला पदार्थ. लॅटिनमध्यें त्याला 'बोट्युलस' म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं व्युर्टेंबर्ग प्रांतांत हे पदार्थ खाऊन माणसें विचित्र रीतीनें मरत. शुद्धि शेवटपर्यंत स्वच्छ, परंतु पापण्या मिटलेल्या, तोंड कोरडें, गिळतां येत नाहीं, आणि अखेर श्वास बंद. युस्टिनुस केर्नर नांवाचे जिल्हावैद्य तेथें होते, व ते जर्मन भाषेंतील नामांकित कवीही होते. त्यांनीं १८२० त ७६ व १८२२ त १५५ रोग्यांचीं टिपणें छापलीं, आणि कुजक्या सॉसेजचा अर्क स्वतः चाखून पाहिला. नशिबानें ते वांचले. त्याच ग्रंथांत त्यांनीं असें लिहून ठेवलें कीं, हें विष मज्जातंतूंचा व्यापार थोपवितें, तेव्हां ज्या रोगांत हा व्यापार अतिरेकास गेलेला असतो तेथें अत्यल्प मात्रेंत त्याचा उपयोग व्हावा. ह्या कवीची ही कल्पना दीडशें वर्षें पुस्तकांतच राहिली.

१८९५ च्या डिसेंबरांत बेल्जममधील एलेझेल गांवीं एका अंत्यविधीस आलेल्या वाजंत्र्यांनीं खारविलेलें डुकराचें मांस खाल्लें, व त्यांतले तिघे दगावले. गेंटचे प्राध्यापक व्हान एर्मेंगेम ह्यांनीं त्या मांसांतून एक जंतु वेगळा काढला. हवा जेथें पोंचत नाहीं तेथेंच वाढणारा हा जंतु आज 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' ह्या नांवानें ओळखला जातो, व त्याच्या विषास बोट्युलिनम म्हणतात.

मांसाशीं संबंध असल्यानें शाकाहारी घरांनीं हा विषय आपल्या उंबऱ्याबाहेरचा समजूं नये. ह्या जंतूचीं बीजें मातींत सर्वत्र असतात. १९८५ सालीं कॅनडांतील व्हँकूव्हर येथें तेलांत बुडवून ठेवलेल्या चिरलेल्या लसणीनें लोकांस ही विषबाधा झाली. आपल्या कैरी-लिंबाच्या लोणच्यांत आंबटपणा व मीठ दोन्ही भरपूर असल्यानें हा जंतु वाढत नाहीं. परंतु परदेशांतील मुलाबाळांचें पाहून घरीं भाज्या डबाबंद करण्याचा उत्साह ज्यांस आला असेल त्यांनीं तो जपूनच करावा. आणखी एक गोष्ट, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. हींच बीजें मधांतही असूं शकतात. मोठ्यांच्या पोटांत तीं निरुपद्रवी असतात, पण तान्ह्याच्या आंतड्यांत रुजून विष तयार करतात, असें १९७६ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत उघडकीस आलें. एक वर्षाच्या आंतील बाळास मधाचें बोटही लावूं नये, असें आज सर्व बालरोगतज्ज्ञ सांगतात. जातकर्मांत नवजातास मध-तूप चाटविण्याची आपली चाल आहे. मी स्वतः संस्कारांचा अभिमानी आहें. तथापि माझें मत असें कीं मंत्र म्हणावे, आणि मधाचें बोट बाळाच्या नांवानें आईनें चाटावें.

आतां हें विष करतें काय, तें पाहूं. मज्जातंतूच्या टोंकाशीं सूक्ष्म पिशव्या असतात व त्यांत निरोप्याचें काम करणारीं द्रव्यें भरलेलीं असतात. तंतूंतून हुकूम आला कीं पिशवी टोंकाच्या भिंतीस येऊन चिकटते, फुटते व निरोप पलीकडच्या स्नायूस पोंचतो. पिशवी भिंतीला ओढून बांधणारीं जीं प्रथिनें आहेत त्यांपैकीं 'स्नॅप-२५' नांवाचें एक प्रथिन बोट्युलिनमचा 'अ' प्रकार कात्रीसारखा तोडतो. पिशव्या भरलेल्या राहतात, निरोप मात्र जात नाहीं. तंतु मरत नाहीं; सुमारें तीन महिन्यांत तो आपली व्यवस्था पुनः लावतो, व विषाचा अंमल ओसरतो. ह्या उपचाराचें सामर्थ्य व मर्यादा दोन्ही ह्या तीन महिन्यांत आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट ह्यांनीं तिरळ्या डोळ्याचा ओढलेला स्नायु शिथिल करण्यासाठीं हें विष आधीं माकडांवर वापरलें (१९७३), मग माणसांवर. १९८९ त अमेरिकन सरकारनें त्यास औषध म्हणून मान्यता दिली. पुढें व्हँकूव्हरच्या एका वैद्य दांपत्यास डोळ्यांभोंवतीं ही टोंचणी देतांना असें दिसलें कीं कपाळाच्या आंठ्याही नाहींशा होतात, आणि मग ह्या विषाचें भाग्य उजळलें! आज 'बोटॉक्स' म्हटलें कीं लोकांस सिनेनट्या आठवतात. ह्यामुळेंच अनेक वृद्ध रोगी, विशेषतः आजीबाई, 'मला ह्या वयांत तसलें कांहीं नको' म्हणून उपचार झिडकारतात. त्यांस समजावून सांगणें हें घरांतील तरुणांचें काम आहे.

वेदनेवरचा उपयोग असाच अनपेक्षितपणें लक्षांत आला. आखडलेल्या मानेस टोंचणी दिलेल्या रोग्यांत स्नायु सैल झाला त्या मानानें दुखणें अधिक कमी झालेलें आढळे. संवेदना नेणाऱ्या तंतूंच्या टोंकांशींही वेदनेचे निरोपे असतात, व हें विष त्यांचीही वाट अडवितें, असें २००४ त उंदरांवरील प्रयोगांनीं दाखविलें. जुनाट अर्धशिशीवर २०१० सालीं अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली. मुखशूलाचें मूळ मेंदूपाशीं असतां गालाच्या कातडींत दिलेली टोंचणी कशी लागू पडावी, ह्याचा पूर्ण उलगडा शास्त्रज्ञांसही झालेला नाहीं. विषाचा कांहीं अंश तंतूंतून मागें वर चढतो असें प्राण्यांवरील प्रयोगांत दिसतें.

मुखशूलावरील पहिले लहान प्रयोग २००५ च्या सुमारास ब्राझील, तुर्कस्तान इत्यादि देशांत झाले. खरी कसोटी लागली ती चीनमधील झेंगझौ येथें. २०१२ त प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ४२ रोगी घेऊन कांहींना विषाचे ७५ युनिट व बाकीच्यांना नुसतें मिठाचें पाणी टोंचलें; कोणास काय दिलें हें ना रोग्यास ठाऊक, ना तपासणाऱ्यास. बारा आठवड्यांनीं विष घेतलेल्यांपैकीं ६८ टक्के लोकांचें दुखणें निम्म्यानें वा अधिक उतरलें होतें, पाणी घेतलेल्यांपैकीं १५ टक्क्यांचें. २०१४ त ८४ रोग्यांवर पुनः प्रयोग झाला. त्यांत ७५ युनिट घेणाऱ्यांपैकीं ८६ टक्के, २५ युनिट घेणाऱ्यांपैकीं ७० टक्के, आणि पाणी घेणाऱ्यांपैकीं ३२ टक्के सुधारले. हा शेवटचा आंकडा मला फार बोलका वाटतो. मुखशूल आपोआपही कांहीं काळ निवतो, आणि टोंचणीवरील विश्वासही कांहीं काम करतो. म्हणून 'शेजारच्या काकांस गुण आला' हा पुरावा कधींच पुरेसा नसतो. आणि उलट, एवढी सूट दिल्यावरही विषाचा गुण स्पष्ट उरतो. मात्र हे प्रयोग लहान आहेत व थोड्याच महिन्यांचे आहेत. २०१९ सालीं युरोपांतील मज्जारोगतज्ज्ञांच्या अकादमीनें जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें त्यांत इतर औषधांच्या जोडीला ह्याचा उपयोग करावा अशी शिफारस आहे, परंतु ती दुर्बळ शिफारस आहे असें त्यांनींच म्हटलें आहे. अमेरिकेंत मुखशूलासाठीं म्हणून त्यास अद्याप परवाना नाहीं. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर तें देतात.

मात्रेची भीति बाळगणाऱ्यांसाठीं एक हिशेब. एक युनिट म्हणजे ठराविक वजनाच्या पांढऱ्या उंदरांपैकीं निम्मे ज्यानें मरतील तेवढें विष. मनुष्यास प्राणघातक मात्रा २,५०० ते ३,००० युनिटांच्या घरांत असावी असा प्राण्यांवरून केलेला अदमास आहे. मुखशूलास २५ ते १०० युनिट पुरतात. तीं दुखऱ्या भागांत बारीक सुईनें पंधरा-वीस ठिकाणीं थोडीं थोडीं वांटून देतात. निरनिराळ्या कंपन्यांचे युनिट सारखे नसतात, म्हणून मागील खेपेस कोणतें औषध किती दिलें हें कागदावर लिहून घ्यावें. गुण दिसण्यास कांहीं दिवसांपासून दोन आठवडे लागतात, तोंवर चालू गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत. टोंचणी सौंदर्यगृहांत नव्हे, तर मज्जारोगतज्ज्ञाकडे किंवा वेदनाचिकित्सकाकडे घ्यावी. 'मायॅस्थेनिया' नांवाचा स्नायुदौर्बल्याचा रोग असणाऱ्यांस व गर्भवतींस ती देत नाहींत. खर्च स्वस्त नव्हे, आणि तीन-चार महिन्यांनीं तो पुनः उभा राहतो, हें घरांतील कर्त्या माणसानें आधींच हिशेबांत धरावें.

गिळण्यास किंवा श्वास घेण्यास अडचण वाटल्यास तडक रुग्णालय गांठावें. असें फार क्वचित् घडतें. नेहमीं आढळणारा दोष म्हणजे टोंचलेल्या बाजूचा गाल किंचित् लोंबणें, हसतांना तोंड वांकडें दिसणें, चूळ भरतांना पाणी ओघळणें. अर्धांगवायु झाला असें समजून घरांत घाबरगुंडी उडूं नये म्हणून हें सर्वांस सांगून ठेवावें; तरी हात, पाय किंवा वाचा ह्यांतही फरक दिसल्यास मात्र तो टोंचणीचा दोष समजून स्वस्थ बसूं नये. गालाचें हें दौर्बल्य कांहीं आठवड्यांत निवळतें. ज्यांचा व्यवसाय ओठांवर चालतो, म्हणजे शिक्षक, कीर्तनकार, गवई, बांसरी व सनई वाजविणारे, त्यांनीं तें डॉक्टरांस टोंचणीपूर्वींच सांगावें, म्हणजे सुईच्या जागा त्या बेतानें निवडतां येतात.